सबवूफर निवडण्याआधी खोली मोजा

इथे आपण एरवी पेटची तयारी, रिसर्च प्रपोजल, लिटरेचर रिव्ह्यू असल्या गोष्टींवर बोलतो. आज विषय सबवूफरचा आहे. फेलोशिपचे पैसे हातात आले की बऱ्याच जणांच्या यादीत चांगली म्युझिक सिस्टिम असते. आणि ती निवडताना आपण लॅबमध्ये घोकलेले सगळे नियम दुकानाच्या पायरीवर चपलांसोबत काढून ठेवतो.

दुकानात काय होतं ते आठवा. एक डबा कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला, दुसरा मधल्या फळीवर. दुकानदार दोन्ही वाजवून दाखवतो आणि म्हणतो, "भाऊ, याच्यात हजार वॅट हाये." कोपऱ्यातला जास्त घुमतो, आपण तो उचलतो. आता हा प्रयोग म्हणून बघा. डबा बदलला, जागा बदलली, आवाजाची पातळी बदलली. वर दोन्हींच्या किमतीच्या चिठ्ठ्या डोळ्यांसमोर होत्या. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि निष्कर्ष मात्र एकाच गोष्टीबद्दल काढला. तुमच्या प्रपोजलमध्ये असं डिझाइन असतं तर गाइडने पहिल्याच पानावर लाल रेघ मारली असती.

डोळ्यांचा परिणाम ही काही किरकोळ बाब नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये एक तुलना मांडली होती: तेच स्पीकर, तेच ऐकणारे, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. स्पीकर दिसायला लागल्यावर लोकांचे गुण बदलले, आणि पडद्याआड जे फरक स्पष्ट कळत होते ते दिसण्याच्या प्रभावाखाली झाकले गेले. यात अनुभवी श्रोतेही होते. म्हणजे "माझा कान तयार आहे" हे उत्तर इथे चालत नाही.

आधी तुम्ही काय ऐकता ते सांगा

आमच्या हिवरखेडकडे बरेच जण सबवूफरला सरसकट "बफर" म्हणतात, आणि बफर म्हणजे छातीत धक्का बसला पाहिजे अशी समजूत असते. पण त्याचं काम खरं तर मर्यादित आहे. छोट्या स्पीकरला न झेपणारे खालचे स्वर, म्हणजे साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे, त्याने सांभाळायचे. तुमच्या संगीतात तिथे काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

काळी एकमध्ये गाणारा पुरुष गायक घ्या. त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर तिच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४ च्या आसपास. डग्ग्याचा घुमारा तो कसा लावला आहे यावर अवलंबून असतो, पण तोही शंभरच्या आगेमागेच. चार तारांच्या बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची आणि पियानोची शेवटची पट्टी २७.५ ची. त्याच्याही खाली प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक संगीत, मोठे ऑर्गन आणि सिनेमातले स्फोट. म्हणजे ज्याचं ऐकणं शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, अभंग आणि जुनी चित्रपटगीतं एवढंच आहे, त्याने २० हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या डब्यासाठी पैसे मोजणं म्हणजे एका गाईसाठी दहा बैलांचा गोठा बांधणं.

इथे एक शंका येईल. मोबाइलच्या टिचभर स्पीकरमधून ६९ हर्ट्झ निघतच नाही, तरी तंबोऱ्याचा खर्ज ऐकू येतो, तो कसा? येतो, कारण त्याच तारेतून १३८, २०७, २७६ असे पटीतले स्वर निघत असतात, आणि मेंदू त्यांच्यातल्या अंतरावरून गैरहजर असलेला मूळ स्वर ओळखतो. साध्या ताणलेल्या चामड्यात हे जमत नाही, कारण त्याचे उपस्वर पटीत नसतात. तबल्यात मात्र शाईमुळे ते जवळजवळ पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये नेमक्या याच गोष्टीवर लिहिलं होतं, नोबेलच्या दहा वर्षं आधी. सबवूफर लावल्यावर खर्जाचा स्वर नव्याने कळतो असं नाही, तो आधीही कळतच होता. त्याला वजन मिळतं, एवढंच. हा फरक ध्यानात ठेवला की अपेक्षा जागेवर राहतात.

खाली जायची किंमत किती असते तेही बघू. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली जायचं असेल तर शंकूने हलवायची हवा चौपट लागते. ४० वरून २० हर्ट्झला जायचं म्हणजे एकतर पडदा चौपट क्षेत्रफळाचा हवा, नाहीतर त्याची पुढेमागे हालचाल चौपट हवी. आठ इंचीऐवजी बारा इंची घेतला तर क्षेत्रफळ सव्वादोन पटच वाढतं. याच्याच जोडीला हॉफमनचा लोखंडी नियम म्हणून प्रसिद्ध असलेली गोष्ट: छोटा डबा, खोल बास आणि कमी वीज या तीनपैकी कुठल्याही दोनच मिळतात. छोट्याशा डब्यावर "डीप बास" लिहिलेलं दिसलं की तिसऱ्या गोष्टीचं काय झालं ते विचारायचं.

डब्याला भोक असलेला घ्यावा की बंद, यावर लोक तासन् तास भांडतात. भोकवाला त्याच आकारात ठरावीक पट्ट्यात जास्त आवाज देतो आणि त्या पट्ट्याखाली झपकन गळतो. बंद डबा हळूहळू उतरतो. दोन्ही नीट करता येतात. ते गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्येच मांडलं होतं, पण ते एका स्थानिक जर्नलमध्ये पडून राहिलं. १९७१ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलने ते पुन्हा छापलं, रिचर्ड स्मॉल यांनी त्यावर पुढचं काम केलं, आणि आज प्रत्येक स्पीकरच्या डेटाशीटवर "थील-स्मॉल पॅरामीटर" असतात. लिटरेचर रिव्ह्यू करताना "कोणी साइट केलेलं दिसत नाही" म्हणून पेपर बाजूला टाकणाऱ्यांनी ही दहा वर्षं जरूर आठवावीत.

हजार वॅटचं काय? तो आकडा पीएमपीओचा असतो, आणि पीएमपीओ मोजायची सगळ्यांनी मान्य केलेली पद्धतच नाही. आरएमएस आकडा विचारा. तोही दुप्पट झाला तर पातळी फक्त ३ डेसिबल वाढते. यापेक्षा जास्त वेळ वॅटवर घालवू नये.

खोली हेच अर्धं वाद्य

आता खरा विषय. आपल्याकडे १० बाय १२ फुटांची खोली आणि दहा फुटांवर स्लॅब हे अगदी नेहमीचं माप. आमच्या घरची बाहेरची खोली हीच. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनिलहर मागेपुढे होते, आणि भिंतींमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीइतकं झालं की त्या स्वराला खोली स्वतःच झुलायला लागते. सूत्र शाळेतलंच आहे: ध्वनीचा वेग भागिले अंतराची दुप्पट. २५ अंशांना वेग सेकंदाला ३४६ मीटर धरा. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, उत्तर ४७ हर्ट्झ. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर ५७ हर्ट्झ. पण दहा फूट दोनदा आलेत, रुंदीत आणि उंचीत. म्हणजे ५७ वर दोन अनुनाद एकावर एक बसले. १० बाय १० बाय १० ची खोली असेल तर तीन. अशा खोलीत कुठलाही सबवूफर आणा, गाण्यातला एकच स्वर ढोलासारखा घुमणार आणि शेजारचा स्वर गायब होणार. लोक डब्याला शिव्या घालतात, तो बिचारा सरळ वाजत असतो.

हे सगळ्या स्वरांना का होत नाही? वर गेलं की अनुनाद इतके दाट होतात की वेगवेगळे जाणवत नाहीत. ही सीमा कुठे येते याचं सूत्र मान्फ्रेड श्रोडर यांच्या नावाने ओळखलं जातं. खोलीतले अनुनाद हाच गटिंगेनमध्ये त्यांच्या पीएचडीचा विषय होता, पदवी १९५४ ची. आवाज विरायला लागणारा वेळ भागिले खोलीचं घनफळ, त्याचं वर्गमूळ, गुणिले २०००. आपल्या खोलीचं घनफळ ३४ घनमीटर, आवाज विरायला अर्धा सेकंद धरला तर उत्तर येतं सुमारे २४० हर्ट्झ. म्हणजे सबवूफरचं सगळं क्षेत्र या सीमेच्या खूप खाली आहे. तिथे डब्यापेक्षा खोलीचंच जास्त चालतं.

यावर उपाय म्हणून भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा दोन इंची फोम लावणारे भेटतात. ५७ हर्ट्झची तरंगलांबी सहा मीटर. सच्छिद्र वस्तूने ती नीट शोषायची तर जाडी तिच्या पाव भागाच्या आसपास हवी, म्हणजे दीड मीटर. अंड्यांच्या ट्रेला ती लहर ओळखतसुद्धा नाही. मात्र आपल्या वऱ्हाडात एक शोषक दरवर्षी आपोआप घरात येतो. भाव वाढेल म्हणून मोकळा कापूस खोलीत भरून ठेवलेला असतो, कधी छातीपर्यंत तर कधी तुळईपर्यंत. दीड मीटर जाडीचा मोकळा कापूस हा पुस्तकात शोभेल असा बास शोषक आहे. त्यामुळे दिवाळीनंतर "अचानक" सुधारलेला आवाज कापूस विकल्यावर बिघडला, तर त्यात सबवूफरचा काही दोष नाही.

तापमानही यात हात घालतं. अकोल्याकडचा मे महिना काय असतो ते वेगळं सांगायला नको. खोलीतलं तापमान ४० अंश धरलं तर ध्वनीचा वेग सुमारे ३५५, डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांना ३४०. दहा फुटांचा तोच अनुनाद हिवाळ्यात ५६ आणि उन्हाळ्यात ५८ च्या वर. अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी फरक. म्हणून डिसेंबरात लावलेला इक्वलायझर मे महिन्यात एकदा तपासायचा. वहीत तारखेच्या शेजारी तापमान लिहायला दहा सेकंद लागतात.

जागा कशी शोधायची

पहिल्या अनुनादात दाब भिंतींजवळ सगळ्यात जास्त आणि खोलीच्या मधोमध शून्य असतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की तो सगळेच अनुनाद चेतवतो, आवाज भरपूर आणि गुण कमी. आपल्याकडे दिवाण बहुतेक वेळा भिंतीला लावलेला असतो, म्हणजे ऐकणाराही जास्त दाबाच्याच जागी बसलेला. दिवाण दोन फूट पुढे ओढणं हा कुठल्याही दुकानात न मिळणारा, फुकटचा सुधार आहे. आई काय म्हणेल तो प्रश्न वेगळा.

डब्यासाठी खोलीत पंचवीस जागा असू शकतात. प्रत्येक ठिकाणी वीस किलोचा डबा उचलून ठेवायचा, परत येऊन बसायचं, ऐकायचं, असं करायची गरज नाही. उलटं करा. डबा तुमच्या बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर, मजबूत स्टुलावर ठेवा. खालचे स्वर असलेलं काहीतरी सतत वाजवा आणि तुम्ही भिंतीच्या कडेकडेने रांगत जा. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील ती डब्याची जागा. हा जुगाड वाटतो, पण त्यामागे पक्कं तत्त्व आहे. हेल्महोल्ट्झ आणि नंतर लॉर्ड रॅले यांनी मांडलेलं परस्परतेचं तत्त्व सांगतं की उगम आणि ग्राहक यांच्या जागांची अदलाबदल केली तरी मिळणारा दाब तोच राहतो. खालच्या स्वरांना सबवूफर चहूबाजूंना जवळपास सारखाच वाजतो, म्हणून इथे ते लागू पडतं. रांगायचं कशासाठी, तर अदलाबदल पूर्ण व्हायला हवी. डबा शेवटी जमिनीवर जाणार आहे, म्हणून आता कानही तिथे, जमिनीजवळ हवा. उभं राहून ऐकलंत तर तुम्ही वेगळ्याच जागेचं उत्तर शोधताय.

कानावर विसंबायचं नसेल तर फोन वापरा. "फोनचा माइक कॅलिब्रेटेड नाही, मग मोजून उपयोग काय?" हा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर त्याहून चांगलं. फोनचा माइक ५० हर्ट्झला दहा डेसिबल कमी दाखवत असेल तर तो खोलीतल्या प्रत्येक जागी तेवढंच कमी दाखवेल. एकाच स्वराची दोन जागांमधली वजाबाकी केली की ती चूक निघून जाते. जागा निवडायला वजाबाकी पुरेशी आहे. पण ५० हर्ट्झ आणि ८० हर्ट्झ यांची आपसात तुलना त्या फोनने करायची नाही, कारण तिथे चूक सारखी नसते. त्यासाठी कॅलिब्रेशन फाइलसह येणारा यूएसबी माइक आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर लागतं. एका अटीवर लक्ष ठेवा: ॲपमधला ऑटोमॅटिक गेन बंद हवा, नाहीतर चूक जागेप्रमाणे बदलते आणि वजाबाकीचा आधारच जातो.

मोजताना कूलर बंद. उकडेल, पण कूलर आणि पंख्याची घरघर नेमकी याच पट्ट्यात असते. आधी काहीही न वाजवता दोन मिनिटं खोली मोजा, तो तुमचा ब्लँक. त्यात ५० किंवा १०० हर्ट्झचा टोक दिसला तर तो बहुधा विजेचा आहे. सिस्टिममधूनच हमिंग येत असेल तर सगळी उपकरणं एकाच बोर्डवर लावून बघा. अर्थिंगची पिन मात्र काढायची नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. दार उघडं होतं की बंद, तेही लिहा. टिनाच्या छपराची खोली असेल तर खालचे स्वर वरून निघून जातात, घुमणं कमी होतं, पण पत्रे आणि खिळे त्याच तालात थरथरतात. ती थरथर बऱ्याचदा "स्पीकर फाटला" म्हणून दुरुस्तीला नेली जाते.

जोडणी

जागा ठरली की पुढचं काम अर्ध्या तासाचं. मुख्य स्पीकर बऱ्यापैकी मोठे असतील तर क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. त्याच्या खाली आवाज कुठून येतो ते कानाला सहसा कळत नाही, म्हणून डबा बाजूला असला तरी चालतो. स्पीकर अगदी तीन इंची असतील तर १२० किंवा १५० पर्यंत न्यावं लागतं, आणि मग डबा दोन स्पीकरांच्या मध्ये किंवा जवळच हवा. नंतर ८० हर्ट्झचा सलग स्वर लावा आणि मागचं फेजचं बटण ० आणि १८० असं बदलून बघा. ज्या बाजूला आवाज जास्त, ती बरोबर. ८० हर्ट्झची तरंगलांबी ४.३ मीटर, म्हणजे डबा आणि स्पीकर यांच्या तुमच्यापासूनच्या अंतरात सव्वादोन मीटरचा फरक पडला तरी दोघं एकमेकांना खाऊन टाकतात.

आवाजाची पातळी सगळ्यात शेवटी. आणि ती ज्या पातळीवर रोज ऐकता त्याच पातळीवर ठरवा. खालच्या स्वरांना आपला कान मंद असतो. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जितका ऐकू येतो, तितकाच ऐकू यायला ५० हर्ट्झला सुमारे ७८ डेसिबल लागतात. हे वक्र पहिल्यांदा फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये काढले. आणि खाली ते एकमेकांच्या जवळ येतात, म्हणजे तीन-चार डेसिबलचा बदलही बासमध्ये मोठा वाटतो. दोन सबवूफरांची तुलना करताना पातळी मोजून सारखी केली नाही, तर जिंकतो तो फक्त जोरात वाजणारा.

इक्वलायझरने उंचवटा खाली आणता येतो. खड्डा भरता येत नाही, कारण तिथे दोन लहरी एकमेकींना रद्द करताहेत. तुम्ही जेवढं वाढवाल तेवढ्या दोघीही वाढतात, खड्डा तिथेच, ॲम्प्लिफायर मात्र तापतो. खड्ड्यावर इलाज म्हणजे जागा बदलणं किंवा दुसरा सबवूफर. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांसाठी याचा अभ्यास मांडला, आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक असे दोन डबे ठेवले तर बसण्याच्या वेगवेगळ्या जागांमधला फरक बराच कमी होतो असं दाखवलं. पैसे तेवढेच असतील तर एका मोठ्याऐवजी दोन मध्यम, हे माझं मत. घरात ऐकणारे तीन-चार जण असतील तर नक्कीच.

भिंतीपलीकडे

आपल्याकडे निवासी भागासाठी ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल, २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे. पण ती मोजली जाते ए-वेटेड डेसिबलमध्ये, आणि ए-वेटिंग ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल वजा करतं. म्हणजे मीटरवर ४० दिसत असताना शेजाऱ्याच्या खिडकीची काच ७० ला हलत असू शकते. वर भिंतही खालच्या स्वरांना कमी अडवते, दर सप्तकाला साधारण ६ डेसिबलने कमी. म्हणून पलीकडे गाणं पोचत नाही, नुसती धडधड पोचते. आणि उन्हाळ्यात आमच्याकडे निम्मं गाव अंगणात किंवा गच्चीवर झोपतं, तेव्हा मध्ये भिंतही नसते.

त्यासाठी एकच चाचणी करते. नेहमीच्या पातळीवर गाणं लावून ठेवायचं, बाहेर जाऊन शेजारच्या काकूंच्या ओट्यावर दोन मिनिटं उभं राहायचं, आणि मीटर सी-वेटिंगवर ठेवून आकडा लिहायचा. मग काकूंनाच विचारायचं. आमच्या घरी यातून ठरलं ते असं: रात्री नऊनंतर सबवूफरचं बटण बंद, आणि खर्ज ऐकायचा असेल तर हेडफोन.